एटीव्हीच्या हँडलबारवर काही बसवायचं, तर बोल्ट नेमका कोणता घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत वाटांवर चालवायच्या चारचाकी गाडीच्या, हँडलबारवर फोन होल्डर बसवायचाय, पण नळीवर जागा उरलेली नाही. म्हणून पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हर ओढल्यावर ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग) ज्या दोन बोल्टांनी हँडलला धरलेला असतो, ते काढून तिथे लांब बोल्ट घातले आणि त्यांच्याखाली होल्डरची पट्टी पकडली. आधी ‘दहाचा बोल्ट’ मागून आणला, तो बसलाच नाही. मग सहाचा आणला. तो आत गेला, घट्टही झाला, पण होल्डर हलतो. तीन वॉशर घातल्यावर हलणं थोडं कमी झालं. तर आता कोणता बोल्ट घ्यायचा?

बोल्टचं सांगतोच, पण आधी एक विनंती. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. वॉशर वाढवल्यावर हलणं कमी झालं, या एका वाक्यात दुखणं सापडतं. तुमचा बोल्ट भोकाच्या तळाला टेकतोय. पान्याला तो घट्ट लागतो, कारण त्याचं टोक खाली अडलेलं असतं. डोक्याखाली मात्र दाब जवळजवळ नसतोच. म्हणजे होल्डर सैल आहे आणि त्याच्याच खालचा ब्रेकचा क्लॅम्पही, म्हणजे मास्टर सिलिंडर नळीला धरून ठेवणारी पकड, सैल आहे. उतारावर लिव्हर जोरात ओढला आणि अख्खा मास्टर सिलिंडर नळीवर फिरला, तर बोटं लिव्हरपर्यंत पोचणार नाहीत. असं फिरलेलं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. चालवणारा सावध होता म्हणून वाचला. त्या बोल्टवरही कुणीतरी चांगला जोर लावलेला होता. दोष फक्त लांबीचा होता.

आता ‘दहाचा’ आणि ‘सहाचा’ हा गोंधळ. वर्कशॉपमध्ये आपण बोल्टला पान्याच्या नंबरावरून हाक मारतो. ‘दहाचा बोल्ट’ म्हणजे ज्याच्या डोक्याला १० चा पाना लागतो तो, आणि तो बहुतेक वेळा एम ६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा, असतो. विकणारा मात्र ‘दहाचा’ म्हटलं की एम १० काढून देतो. शिवाय पान्यावरून मापाची खात्री होतही नाही. एम ८ च्या षटकोनी डोक्याला जपानी मशीनवर साधारण १२ चा पाना लागतो, आणि तोच एम ८ दुसऱ्या मानकाचा असला तर १३ चा. एम ६ चे काही फ्लॅन्ज बोल्ट (डोक्याखाली रुंद कडा असलेले) तर ८ च्या पान्याने खुलतात. ॲलन बोल्टचं, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचं, थोडं बरं आहे. उंच गोल डोक्याच्या नेहमीच्या ॲलन बोल्टमध्ये एम ५ ला ४ ची, एम ६ ला ५ ची आणि एम ८ ला ६ ची की लागते. पण डोकं बटणासारखं चपटं असेल तर एम ६ ला ४ चीच की बसते. तेव्हा पाना आणि की विसरा. बोल्टची खरी ओळख चार गोष्टींत असते: दांड्याची जाडी, आट्यांचं अंतर म्हणजे पिच, डोक्याखालची लांबी आणि पोलादाची ताकद.

जाडी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या सरकत्या पट्टीने, आट्यांवरून मोजा. एम ६ कधीच पुरता ६.० दाखवत नाही, ५.८ ते ५.९५ च्या आसपास येतो. एम ८ साधारण ७.८ ते ७.९५. इथेच एक सापळा आहे. ५/१६ इंची बोल्टही व्हर्नियरवर तितकाच दिसतो, कारण त्याचं नाममात्र माप ७.९४ मिलिमीटर आहे. नुसत्या जाडीवरून हे दोन ओळखता येत नाहीत, पिच पाहावाच लागतो. एम ८ चा नेहमीचा पिच १.२५ मिलिमीटर. ५/१६ च्या जाड आट्यांच्या बोल्टला एका इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१. पिच गेज नसेल तर पट्टीवर दहा आट्यांचं अंतर मोजा. एम ६ ला ते १० मिलिमीटर भरेल, एम ८ ला साडेबारा आणि ५/१६ ला चौदाच्या थोडं वर. त्याहून सोपी युक्ती म्हणजे मशीनमधून काढलेला मूळ बोल्ट आणि नवा बोल्ट आट्याला आटा लावून उजेडासमोर धरायचे. पिच एकच असेल तर आटे एकमेकांत पूर्ण बसतात आणि मधून उजेड दिसत नाही. वेगळा असेल तर दोन-तीन आट्यांनंतर फट उघडत जाते. मी आजही नवा बोल्ट असाच तपासतो, हातात गेज असलं तरी.

हे इतकं खोलात सांगतोय कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. काम शिकत होतो तेव्हा, हँडलच्या वरच्या क्लॅम्पच्या एम ८ भोकात ५/१६ चा बोल्ट घातला. दोन-तीन फेरे बोटांनी गेला, पुढे जड झाला. भोकात माती असेल असं समजून पाना लावला. ॲल्युमिनियमचे चमकदार तारेसारखे तुकडे आट्यांबरोबर बाहेर आले तेव्हा काय केलं ते कळलं. त्या भोकात पुढे पोलादी वेटोळ्याचे नवे आटे बसवावे लागले. तेव्हापासून नियम ठेवलाय: स्वच्छ भोकात योग्य बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. बोटांनी अडला की थांबायचं, बाहेर काढायचं आणि बघायचं. बोल्ट सुरू करतानाही आधी उलटा फिरवा. एका जागी आटा आट्यावरून उतरल्याचा बारीक ‘टक्’ जाणवतो, तिथून पुढे सुलटा फिरवा. वाकडा आटा पकडण्याची भीती मग जवळजवळ राहत नाही.

इंची माप एटीव्हीवर कुठून येतं? जपानी मशीनवरचे जवळपास सगळे बोल्ट मेट्रिक असतात. अमेरिकी मशीनवर आणि विशेषतः बाहेरून घेतलेल्या ॲक्सेसरीजबरोबर इंची बोल्ट येऊ शकतात. कॅमेऱ्याच्या बुडाला जो आटा असतो, तो बहुतेक सगळीकडे १/४ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. म्हणजे त्याची जाडी ६.३५. तो एम ६ च्या भोकात जात नाही. उलट एम ६ चा बोल्ट १/४ च्या नटात घातला, तर थोडा फिरून ढिला ढिला धरतो आणि पहिल्या खड्ड्याला सुटतो. पाकिटातल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर तो मेट्रिक. डोक्यावर मधून फाकणाऱ्या तीन किंवा सहा रेघा असतील तर तो इंची.

आता लांबी. तुमचं काम इथेच अडलंय. बोल्टची लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजतात, डोकं धरत नाहीत. फक्त काउंटरसंक, म्हणजे डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या बोल्टची लांबी डोक्यासकट धरतात. मूळ बोल्ट कंपनीने मोजून दिलेला असतो. तुम्ही मध्ये पट्टी घातली, की तेवढीच लांबी वाढायला हवी. त्याहून बरीच वाढली की टोक तळाला, कमी पडली की आटे अपुरे.

उदाहरण घेऊ. समजा मूळ बोल्ट एम ६ बाय २२, म्हणजे २२ मिलिमीटर लांबीचा, आहे आणि क्लॅम्पची जाडी ८. म्हणजे आत १४ मिलिमीटर आटे पकडत होते. क्लॅम्पच्या बाहेरच्या तोंडापासून भोकाच्या तळापर्यंत व्हर्नियरची मागची काडी घालून मोजलं तर २६ भरलं. होल्डरची पट्टी ५ आणि एक वॉशर १.६, मिळून ६.६. मूळ लांबी अधिक ६.६ म्हणजे २८.६. सहज मिळणारी जवळची मापं २५ आणि ३०. ३० चा घेतला तर आत १५.४ मिलिमीटर आटे पकडतात आणि तळाशी २.६ मोकळं राहतं. हा चालेल. ‘असू दे जरा लांब’ म्हणून ३५ चा घेतला, तर तो २.४ मिलिमीटर आधीच तळाला टेकेल. आणि २५ चा? त्याचे १०.४ मिलिमीटर आटे पकडतात. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट आटे हवेत, एम ६ ला ९ मिलिमीटर, त्या हिशेबाने तोही टिकेल. पण ब्रेकच्या जागी मी मूळ बोल्टपेक्षा कमी आटे पकडू देत नाही. पोलादात पोलाद असेल तर जाडीएवढे आटेही पुरतात. हँडलवरची बहुतेक भोकं मात्र ॲल्युमिनियमचीच असतात.

तळाशी दोनेक मिलिमीटर मोकळे सोडायचे, कारण बंद भोकात टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) तळापर्यंत पूर्ण आटे कापत नाही. शेवटचे एक-दोन आटे अर्धवट राहतात आणि बोल्ट तिथे आधीच आवळतो. भोकाच्या बुडाशी वाळलेला चिखल बसला असेल तर हीच फसगत होते. म्हणून मोजण्याआधी भोक ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने फुंका, डोळ्याला चष्मा लावून.

आकडेमोड नको असेल तर एक चाचणी आहे, आणि ती तुम्ही आधी कराच. होल्डरची पट्टी आणि वॉशर बाजूला ठेवा. नुसता क्लॅम्प जागेवर धरा आणि नवा बोल्ट बोटांनी हळूच फिरवत आपोआप थांबेपर्यंत आत घाला. जोर लावू नका. आता बोल्टच्या डोक्याखाली आणि क्लॅम्पमध्ये जी फट राहिली ती मोजा. ती फट पट्टी आणि वॉशरच्या एकत्र जाडीपेक्षा निदान २ मिलिमीटर कमी असली पाहिजे. वरच्या उदाहरणात ३० च्या बोल्टला फट ४ राहते आणि भरायला ६.६ आहे, म्हणजे ठीक. ३५ च्या बोल्टला फट ९ राहते. भरायला ६.६ च आहे, तेव्हा होल्डर हलणारच. तुमच्याकडे हेच झालंय. दोन्ही भोकांत वेगवेगळी चाचणी करा. वरचं आणि खालचं भोक सारख्या खोलीचं असतंच असं नाही, आणि भोक आरपार असेल तर टोक बाहेर येऊन केबलला किंवा ब्रेकच्या नळीला घासतंय का तेही पाहायला हवं.

वॉशरची चवड रचून लांब बोल्ट चालवून घेऊ नका. दोन-तीन वॉशर एकमेकांवर सरकतात, प्रत्येक जोडावर थोडा दाब कमी होतो, आणि चार खडबडीत फेऱ्यांत बोल्ट सैल पडतो. बरोबर लांबीचा मिळत नसेल तर लांब बोल्ट कापता येतो. कापण्याआधी त्यावर एक नट चढवा, हॅक्सॉने कापा, टोक कानशीने तिरकं घासा आणि मग नट उलटा काढा. नट बाहेर येताना कापलेले आटे साफ करतो. ब्रेकच्या जागीही असा बोल्ट चालतो, फक्त टोकाला कोर राहू देऊ नका आणि लांबी पुन्हा त्या फटीच्या चाचणीने पाहा.

ताकदीबद्दल लोक जास्त काळजी करतात, ती उलट्या दिशेने. ८.८ म्हणजे पोलाद ८०० मेगापास्कल ताणाला तुटतं आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, कायमचं लांबायला लागतं. या जागेला जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ पुरेसा आहे. १२.९ घातल्याने काही मिळत नाही, कारण त्याच्याआधी ॲल्युमिनियमचे आटे जातात. स्टेनलेस दिसायला छान. पण ए २-७० या नेहमीच्या प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ताणात ७०० ला तुटतो आणि ४५० लाच लांबायला लागतो. त्याशिवाय चिखल-पाण्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांची जोडी आटे गंजवून जाम करते. लाइटच्या ब्रॅकेटला स्टेनलेस जरूर वापरा. ब्रेकच्या क्लॅम्पला मी ८.८ च घालतो.

बसवताना क्लॅम्पवर ‘अप’ अशी अक्षरं किंवा बाण असेल तर तो वरच राहू द्या. अशा क्लॅम्पवर सहसा वरचा बोल्ट आधी पूर्ण आवळायचा, मग खालचा, आणि उरलेली फट खालीच राहते. ती फट बंद करायच्या मागे लागू नका, तिथे क्लॅम्पचे कान, म्हणजे बोल्ट जातो ते बाहेर आलेले भाग, तुटतात. एम ६ ८.८ ला सर्वसाधारणपणे १० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, एम ८ ला २५ च्या आसपास. पण तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना, कारण ॲल्युमिनियमच्या कानांना तो अनेकदा याहून कमी असतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा लेप) लावलं असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात ठेवा.

सुटू नये म्हणून स्प्रिंग वॉशरवर भरवसा ठेवू नका. गेरहार्ट युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हिसक्यांनी. जोडाचे दोन भाग एकमेकांवर सरकले की आटे थोडे थोडे उलटे फिरत जातात. म्हणजे मुळात भाग सरकू नयेत एवढा दाब हवा, आणि तो बोल्टच्या ताणातून येतो. म्हणूनच तळाला टेकलेला बोल्ट कुठल्याच वॉशरने वाचत नाही. दाब बरोबर बसतो याची खात्री झाली, की बोल्ट शेवटचा घालण्याआधी त्याला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावा, लॉकटाइट २४३ सारखं. एक थेंब, टोकाकडच्या आट्यांवर. लाल नको, ते पुढे तापवून सोडवावं लागतं. आणि हे द्रव प्लास्टिकला लागू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने चिरा जातात, आणि फोन होल्डर बहुधा त्याचेच असतात.

मनापासून विचाराल, तर शक्य असेल तिथे ब्रेकचे बोल्ट हलवूच नका. नळीवर जागा नाही म्हणता, पण हँडलबारला आडवी दांडी असेल तर तिच्यावरच्या फोमच्या पॅडखाली जागा निघते. स्विचचा डबा दहा मिलिमीटर सरकवूनही बरेचदा भागतं. वेगळा क्लॅम्प घेताना नळी आधी मोजा. बहुतेक एटीव्हीवर ती २२.२ मिलिमीटर, म्हणजे ७/८ इंच असते. जाड बार असेल तर मधोमध २८.६, आणि मुठींकडे निमुळता होत पुन्हा २२.२. निमुळत्या भागावर क्लॅम्प लावू नका, कितीही आवळला तरी हादऱ्यांनी बारीक बाजूकडे घसरत जातो. आवळल्यावर क्लॅम्पच्या दोन अर्ध्या भागांमध्ये फट उरली पाहिजे. भाग एकमेकांना टेकले आणि तरी क्लॅम्प फिरतोय, तर नळी बारीक आहे. आत पातळ रबरी पट्टी घाला. हँडलबारच्या नळीला मात्र कधीही भोक पाडू नका. सगळा हादरा त्या नळीवर येतो, आणि भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो.

फोनच बसवायचा असेल तर हादरा शोषणारा जोड घ्या. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय, की मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाची कंपनं हँडलमधून फोनपर्यंत पोचली तर कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. एटीव्हीची कंपनं काही सौम्य नसतात.

आणखी एक गोष्ट बसवताना बघा: बोल्टची टोकं चालवणाऱ्याकडे तोंड करून बाहेर येता कामा नयेत. पडताना छाती हँडलवरच आपटते. डोकं आपल्याकडे आणि नट पलीकडे, किंवा नट इकडेच आला तर घुमटाकार टोपीचा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावत असाल तर टोक नटाबाहेर दोन आटे दिसू द्या, म्हणजे नायलॉनने पुरतं पकडलंय हे कळतं, आणि काढलेला नट पुन्हा वापरू नका.

सगळं झालं की इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. दोन्ही टोकांना अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा. तो स्वतःहून झटकन परत आला पाहिजे. ब्रेकची नळी कुठे ताणली जात नाही ना ते बोटाने चाचपा. मग ब्रेक लिव्हर नेहमीपेक्षा जोरात ओढा आणि मास्टर सिलिंडर नळीवर केसभर तरी हलतो का ते पाहा. हलला नाही, तर बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर जाणारी एक रेघ रंगाने ओढा. तासभर चालवून आल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट काढून पुन्हा त्या फटीच्या चाचणीपासून सुरुवात करा, नुसता आवळू नका. तुमच्या दोन्ही भोकांची खोली, पट्टीची जाडी आणि मूळ बोल्टची लांबी मोजून कळवलीत, तर कोणता बोल्ट लागेल ते मी नेमकं सांगेन.